बापदेव आणि दोनशे चाळीस गोटे

सन दोन हजार तेवीस, फेब्रुवारी महिना. त्या साली आंबिवलीच्या पलीकडच्या एका गावात गायकरांनी घरामागे पोहण्याचा तलाव बांधला आणि गावाला महिनाभर दुसरा विषय उरला नाही. जिथे गोविंदा गायकरांच्या वडिलांनी भात लावला, जिथे सगुणाबाईंनी वाल, मुळा आणि माठ पिकवून कल्याणच्या बाजाराला टोपल्या नेल्या, त्या जागी आता निळ्या फरशीवर पाणी डुलत होतं. सगुणाबाईंना त्याचं एकच नवल वाटे. एवढं पाणी, आणि त्यावर पिकवायचं काहीच नाही.

तलाव त्यांच्या मुलाचा, मितेशचा हट्ट. मितेशच्या लेकीचं, कल्पिताचं लग्न ठरलं होतं आणि तिची हळद तलावाकाठीच व्हायची होती. पण तलाव तयार झाला तरी भोवती सगळा चिखल आणि फुटक्या विटा. म्हणून मितेशने माजिवड्याहून सिद्धेश नावाचा बागा सजवणारा तरुण बोलावला. त्याने घरामागच्या मोकळ्या वाडग्यात सगळीकडे फिरून फोनवर फोटो काढले आणि म्हणाला, "आजी, इथे आपण बालीचा फील देऊ."

"बाली कोन?" सगुणाबाईंनी विचारलं.

"बेट आहे ते, आजी."

"मग बेट बसवायला आमचाच वाडगा गावला काय तुला?"

तरी बेट आलं. हिरवळीच्या गुंडाळ्या आल्या, ताडासारखी पण ताडगोळे न देणारी झाडं आली, आणि तलावाच्या चारी कडांना लावायला नदीतले गोल, करडे गोटे आले. सोललेल्या नारळाएवढे, एकासारखा एक, दोनशे चाळीस.

वाडग्याच्या कोपऱ्यात करंजाखाली गायकरांचा बापदेव होता. शेताचा राखणदार. शेत गेलं तरी राखणदार आपल्या जागी बसून होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराची जाडजूड खोळ त्याच्या अंगावर चढली होती आणि आतला दगड कसा आहे हे घरातल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. तलाव खणताना जेसीबीने जमीन हादरून तिला तडे गेले होते, आणि हळदीच्या आठवड्यात सोमवारी सकाळी ती दोन भकलं होऊन पडली.

"देवानं खोळ टाकली," गोविंदा झोपाळ्यावरून म्हणाले. "माझ्या आयच्या वक्ताला टाकलेली, साठ वर्सं झाली. चांगली खूण हाय."

खोळ पडली की घरातल्या वडील सुनेने देव धुवायचा, उन्हात सुकवायचा आणि नवा शेंदूर तिळाच्या तेलात कालवून चढवायचा, अशी रीत. पण त्या घरात आणखी एक रीत होती. बापदेव म्हणजे घरातला सर्वांत थोर सासरा. सुनांनी त्याच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि मान खाली ठेवायची. नजरेला नजर द्यायची नाही. त्यामुळे मंगळवारी सकाळी सगुणाबाईंनी देव धुतला तो सगळा पायाच्या अंगठ्याकडे बघत. दूध घातलं, पाणी घातलं, हाताने चोळला, आणि तलावाच्या कडेला ऊन बघून सुकत ठेवला. हाताला एवढंच कळलं की देव एका बाजूला जरा बसका आहे. मग शेंदूर आणायला त्या आत गेल्या. आत फोन वाजला. पुण्याच्या पाहुण्यांना जेवणात मासे चालतात की नाही, यावर वीस मिनिटं गेली.

त्या बाहेर आल्या तेव्हा कडेला देव नव्हता. देव होता ती कडाच नव्हती. तिथे गोट्यांची सरळ, देखणी रांग लागली होती आणि सिद्धेशचा कामगार धोंडीबा हातातली थापी धूत होता.

"बाबा, इथे एक दगड होता," सगुणाबाई म्हणाल्या.

"व्हय की. गाडीवरनं घरंगळला हुता. लावला म्या."

"कुठं लावला?"

धोंडीबाने रांगेवरून हात फिरवला. "हितंच कुठंतरी. सकाळधरनं साठ-सत्तर लावलं की ओ, आज्जी. काय वंगाळ बसलंय का?"

सगुणाबाईंनी वर पाहिलं. मितेश फोनवर मांडववाल्याशी बोलत होता. सून निशिगंधा पत्रिकांवर नावं घालत होती. शुक्रवारी हळद. हळदीच्या सकाळी पहिली पत्रिका बापदेवापुढे ठेवायची, पहिलं तेल आणि पहिली हळद त्याला, मग नवरीला. आणि ते तेल घेऊन येणार कोण, तर हौसाबाई.

हौसाबाई म्हणजे गोविंदांची थोरली बहीण, डोंबिवलीजवळ भोपरला दिलेली. वय चौऱ्याहत्तर, पण जिभेचं वय पंचवीसच्या पुढे गेलं नव्हतं. घरातलं कुठलंही कार्य असो, बापदेवाला पहिलं तेल त्याच घालणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. हौसाबाईंचा मान चुकला तर लग्न मोडतं असा घरात समज होता, आणि तो मुख्यतः हौसाबाईंनीच पसरवला होता. सासू जाताना सगुणाबाईंचा हात धरून म्हणाली होती, "बाकी काय पन कर, देव सांभाळ." घर सांभाळलं, शेत सांभाळलं, गोविंदांना सांभाळलं, आणि नातीच्या लग्नाच्या तोंडावर देव हरवला. कुणाला सांगावं तर अपशकुन म्हणून कालवा होणार आणि पोरीच्या मनात भीती बसणार. सगुणाबाईंनी तोंड मिटून घेतलं.

दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर त्या तलावाकडे गेल्या आणि एकेका गोट्यावरून हात फिरवू लागल्या. सव्विसाव्या गोट्याशी मागून आवाज आला.

"आये, काय शोधतंस?"

मितेश उभा होता. सगुणाबाईंनी मागे न वळता कानातली कुडी काढून कनवटीला लावली आणि मग वळल्या. "कुडी पडली रं माझी. इथंच कुठंतरी."

मितेश हा आईवर जीव टाकणारा मुलगा, आणि हीच मोठी अडचण झाली. कुडी त्याच्या आजीची, म्हणजे सोन्याचा प्रश्न नव्हता, जिव्हाळ्याचा होता. त्याने दोन पोरांना पाण्यात उतरवलं. पाण्यात दिसेना म्हणून मोटर लावली. संध्याकाळपर्यंत अख्खा तलाव उपसून शेजारच्या मोकळ्या जागेत गेला आणि तिथल्या म्हशी येऊन पाणी पिऊ लागल्या. निशिगंधा काठावर कपाळाला हात लावून बसली.

"आई, शुक्रवारी हळद आहे. तलाव रिकामा. फोटो काय खड्ड्यात काढायचे?"

"टँकर सांगतो ना मी," मितेश म्हणाला. "उद्या ही हिरवळ उचलून बघू. तिच्याखाली गेली असंल."

सिद्धेशचा चेहरा हिरवळीसारखा झाला. तिने अजून मुळं धरली नव्हती. तेव्हा सगुणाबाईंना कुडी सापडणं भाग पडलं.

"अगं बाई, पदरातच अडकलेली."

मितेशने तलावाच्या तळाशी जाऊन एकदा वर आभाळाकडे पाहिलं. वर येताना काठावरचे दोन गोटे त्याच्या पायाखाली हलले, तसा तो सिद्धेशवर उखडला. "हे बग, डुगडुगतात. पाहुने पडले तर? मी हलनारे सगळे दगड तपासून लाल खूण करून ठेवतो. तेवढे काढ नि दुसरे बसव."

"चालेल, दादा," सिद्धेश म्हणाला. सोन्यापेक्षा दगड बरे, असं त्याला वाटलं असावं.

बुधवारी टँकर आले आणि मितेश खूण करायचं साफ विसरला. सगुणाबाईंनी त्या दिवशी नवऱ्याला विश्वासात घेतलं. गोविंदा सगळं ऐकून झोपाळा थांबवून बसले.

"हौसाला कळला?"

"तिला कसा कळंल?"

"मग मना कशाला सांगलास? मी उद्या कल्यानला जातो. फुलांचा बघायचा हाय."

"फुलं शेजारचा मयूर आनतोय. तुमी बसा इथं नि देवाचा बगा."

गोविंदांनी बराच विचार केला. "कौल लाव," ते शेवटी म्हणाले. "देवाला त्याचा त्यालाच इचार. आपन कोन शोधनारे?"

सगुणाबाईंना हे पटलं. गुरुवारी उजाडताच त्या झेंडूच्या पाकळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन बसल्या. धोंडीबाने मंगळवारी लावलेली बाजू त्यांना माहीत होती. त्यातले एका अंगाला बसके गोटे हाताने निवडले, तर अकरा निघाले. प्रत्येकावर डावी-उजवीकडे ओली पाकळी चिकटवून त्या पुटपुटल्या, "बापदेवा, तू असशील तर उजवी दे."

पहिल्याने उजवी दिली. सगुणाबाईंचे डोळे भरून आले. खात्री करावी म्हणून दुसऱ्याला विचारलं. त्यानेही उजवी दिली. तिसऱ्याने तर विचारायच्या आतच दिली. अकराही गोट्यांनी उजवा कौल दिला, कारण वारा सकाळपासून डावीकडून होता, हे पाकळ्या संपल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

आता अकरांपैकी एक देव, हे नक्की. कोणता, ते नाही. पण लग्नघरात देव दोन दिवस कुंकवावाचून बसलेला बरा दिसतो का? सगुणाबाईंनी अकराही जणांना बोटभर कुंकू लावलं, हात जोडले आणि चहाला गेल्या. देवाला मिळालं तर भलं, दगडांना मिळालं तर त्यांचं काही बिघडत नव्हतं.

नऊ वाजता सिद्धेश आला. काठावर अकरा लाल खुणा पाहून त्याला मितेशदादांचं कौतुक वाटलं. माणूस बोलल्याप्रमाणे करतो. त्याने धोंडीबाकरवी अकरा गोटे उकरून काढले, त्या जागी शिल्लक गोटे बसवले आणि काढलेले टेम्पोत टाकून त्याच्याचबरोबर दिले पाठवून.

घरकाम उरकून सगुणाबाई दुपारी एकला आल्या तेव्हा रांगेत कुठेही कुंकू नव्हतं.

"सिद्धेश, इथले दगड?"

"ते रिजेक्टवाले ना आजी? काढले सगळे. आता एक पण हलणार नाही, उड्या मारून बघा."

"रिजेक्ट कोन बोलला?"

"दादांनीच खुणा केलेल्या."

सगुणाबाई हिरवळीवर मटकन खाली बसल्या. शेताचा राखणदार, गावाची तीन पुरांत राखण केलेला, आणि एका पोराने त्याला नापास करून टेम्पोत घातला. "कुठं पाठवलेस?"

"माजिवड्याला. आमची दुसरी साइट आहे, मोठा कॉम्प्लेक्स. गेटवर कारंजं करतोय, तिथे खपतील. आजी, पाणी आणू का?"

"पानी नको. दगड आन."

सिद्धेशने फोन लावला. स्पीकरवर धोंडीबाचा आवाज आला. "कारंज्याला लावलं की ओ साहेब. शिमिट वतलंय. चेरमनसाहेब हुबं हायती हितं. लई झ्याक दिसतंय म्हनलं."

"काढता येतील?" सिद्धेशने हळूच विचारलं.

"चेरमनसाहेबास्नी तुमी सांगा," धोंडीबा म्हणाला आणि फोन बंद झाला.

त्याच वेळी पुढच्या अंगणात रिक्षा थांबली. हळद शुक्रवारी, पण हौसाबाई गुरुवारीच आल्या. एका हातात तेलाची बुधली, दुसऱ्या हातात काठी. गोविंदांनी बहिणीला दारातच नमस्कार केला आणि तिच्याच रिक्षात बसून ते कल्याणला फुलांचं बघायला गेले.

हौसाबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. काठी टेकत त्या सरळ मागे गेल्या, करंजाखाली थांबल्या आणि रिकाम्या ओट्याकडे बघत राहिल्या. सगुणाबाई मागे उभ्या. पळायला जागा नव्हती, आणि खोटं बोलायला अंगात बळ नव्हतं. एका कुडीने तलाव आटवला होता.

"वन्स," त्या म्हणाल्या, "माझ्या हातून देव गेला."

आणि सगळं सांगून टाकलं. खोळ, दूध, फोन, कुडी, कौल, कुंकू, टेम्पो. माजिवड्याचं कारंजंही सांगितलं. "पोरीचा लगीन हाय. मना काय बोलायचा ते बोला, पन तिच्या कानावर घालू नका."

हौसाबाईंनी सिद्धेशकडे पाहिलं. "ए बाळा, तू जा तिकडं, झाडांना काय शिकवायचा ते शिकव." तो गेल्यावर त्या ओट्यावर बसल्या आणि सगुणाबाईंना शेजारी बसायला सांगितलं.

"माज्या आयच्या वक्ताला खोळ पडली, तवा मी बारा वर्सांची," त्या म्हणाल्या. "आयला ताप होता. ती बोलली, हौसे, नदीवर जाऊन देव धुऊन आन. मी काळूवर नेला. चोळला. शेवाळावरून पाय घसरला नि हातातून गेला पान्यात. दोन घटका बुड्या मारल्या. नाय गावला."

सगुणाबाई जवळ सरकल्या.

"मग?"

"मग काय. तिथलाच एक उचलला नि आनून दिला. आयनं शेंदूर चढवला."

"सासूबाईंना कळला नाय?"

"ती सून ना. मान खाली," हौसाबाई म्हणाल्या. "तवापासून घरात काय पन असू दे, पयला तेल मीच घालते. तुमाला वाटला मान पायजे म्हातारीला. मान कसला? दर येळंला कानात सांगते त्याच्या, बाबा, चूक झाली, कुनाला बोलू नको."

"नि तो खरा नव्हता?"

"मना काय ठाव? बासष्ट वर्सं त्यालाच तेल घातला. भात पिकला, घर वाढला, तुज्या मितेशला पोर झाली. त्यानं कवा विचारला नाय मी खरा की खोटा. मग आपन कशाला विचारायचा?"

सगुणाबाईंना आधी रडू आलं आणि मग हसू. हसू असं आलं की आवरेना. हौसाबाईंनी काठीने पायाला ढोसलं तरी आवरेना. तीन दिवस छातीवर बसलेलं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. सासूने सोपवलेला देव सासूच्याच काळात बदललेला होता, आणि बदलणारी ही, जिच्या धाकाने त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"ऊठ आता," हौसाबाई म्हणाल्या. "त्या बेटावरचा एक काढ. बसका बघ, डुलनारा नको."

"तुमी निवडा."

"मी एकदा निवडला. आता तुजी पाळी. नि मान वर करून नीट बघून घे. पुना हरवला तर वळकता आला पायजे."

सगुणाबाई तलावाभोवती फिरल्या. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदाच देवाकडे डोळे उघडून पाहिलं. एका गोट्याच्या करड्या अंगावर पांढरी बारीक रेघ होती, जानव्यासारखी. तो त्यांना आवडला. दोघींनी उलथण्याने तो उकरला, धुतला, ओट्यावर बसवला आणि तेलात शेंदूर कालवला. हौसाबाईंनी पहिलं तेल घातलं. या वेळी त्या कानाशी वाकल्या नाहीत. बुधलीच सगुणाबाईंच्या हातात दिली.

मितेश येऊन थांबला. "देव बारीक झाल्यासारखा वाटतो ना, आये?"

"खोळ टाकली ना त्यानं," हौसाबाई म्हणाल्या. "तू बी टाक थोडी. पोट बघ."

दुसऱ्या दिवशी हळद झाली. ढोल-ताशा, बॅन्जो, सगळा गाव तलावाकाठी. कल्पिताला हळद लागली, बापदेवाला लागली, सिद्धेशलाही कुणीतरी पाठीमागून लावली. एकही गोटा हलला नाही. पाण्यात मात्र मितेशच्या तीन मित्रांना लोकांनी कपड्यांसकट ढकललं, आणि तलाव बांधल्यापासून कुडी न शोधता त्यात उतरलेली ती पहिली माणसं.

आता त्या गोष्टीला बरीच वर्षं नसली तरी दिवस पुष्कळ गेले. कल्पिता कळव्याला सुखात आहे; तिला मुलगी झाली आणि बारशाला बापदेवापुढे ओटी भरली. मितेशने तलावाचं वेड सोडून आता गच्चीवर काहीतरी आरंभलं आहे. तलाव गोविंदांनी ताब्यात घेतला. रोज सकाळी पंचा लावून ते त्यात म्हशीसारखे निवांत बसतात, आणि निशिगंधा तिथे कुणाला फोटो काढू देत नाही. ताडासारखी झाडं वाळली. त्यांच्या जागी सगुणाबाईंनी वालाचे वेल चढवले, ते पाण्याच्या कडेने झकास येतात. सिद्धेशने लग्न केलं, धोंडीबा गावी जाऊन स्वतःची रोपवाटिका चालवतो. हौसाबाईंचे गुडघे आता प्रवास करू देत नाहीत. पहिलं तेल सगुणाबाईच घालतात आणि मग भोपरला फोन लावतात. "बरा हाय ना तो?" असं हौसाबाई विचारतात आणि लगेच सुनेच्या तक्रारीला लागतात.

मागच्या दिवाळीत मितेश आईला घेऊन माजिवड्याला कुणाकडे तरी निघाला होता. एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर सगुणाबाईंनी गाडी थांबवायला लावली. कारंजं बंद होतं. काठावरच्या अकरा गोट्यांवर कुंकू होतं, हार होते, पुढे नारळाची भकलं पडली होती, आणि वर पत्र्याचं छानसं छप्पर घातलेलं. रखवालदार कौतुकाने म्हणाला, "जागृत आहेत, आजी. एका रात्रीत कुंकवासकट प्रकट झाले म्हणतात. मनात काय असेल ते मागा."

सगुणाबाईंनी थोडा वेळ विचार केला, पण मागायचं असं काही आठवेना. एकेकाकडे नीट बघून त्यांनी अकरांनाही नमस्कार केला आणि गाडीत येऊन बसल्या.

"एवढा वेळ काय करत होतीस?" मितेशने विचारलं.

"काय नाय रं," त्या पदर सारखा करत म्हणाल्या. "वळखीचे निघाले."